तीन शतके पाहिलेली एमाबाई

पवित्र शास्त्रात दीर्घायुषी पुरुषांची वाण नाही. मथुशलह ९६९ वर्षे जगला, नोहा ९५०, अब्राहाम १७५. स्त्रियांची वये मात्र शास्त्रलेखकांनी सहसा सांगितलेली नाहीत. संपूर्ण हिब्रू शास्त्रात मृत्यूसमयीचे वय नोंदवले गेले आहे अशी एकच स्त्री, अब्राहामाची पत्नी सारा. तिचे वय १२७ वर्षे. आपल्या कॅथलिक बायबलमधील यूदीथच्या ग्रंथात आणखी एक वय सापडते : शत्रूच्या सेनापतीचे शिर उतरवणारी ती विधवा १०५ वर्षांची होऊन आपल्या नवऱ्याच्या घरी निवर्तली. नव्या करारात हन्ना संदेष्ट्री आहे. लग्नानंतर सातच वर्षे पतीचा सहवास, आणि पुढचे सारे आयुष्य मंदिरात उपवास व प्रार्थना. लूकने तिच्या संदर्भात ८४ वर्षांचा उल्लेख केला आहे.

या तिघींची आठवण होण्याचे निमित्त म्हणजे उत्तर इटलीतील एक सामान्य गिरणी कामगार स्त्री. एमा मोरानो हे तिचे नाव. २९ नोव्हेंबर १८९९ रोजी तिचा जन्म झाला आणि १५ एप्रिल २०१७ रोजी तिने देह ठेवला. ११७ वर्षे आणि १३७ दिवस ती या पृथ्वीवर होती. यूदीथला तिने मागे टाकले. सारेच्या वयापर्यंत मात्र तिला पोचता आले नाही. अर्थात ज्यांचे वय कागदोपत्री सिद्ध झाले आहे अशांपैकी तेथवर कुणीच पोचलेले नाही. फ्रान्समधील जान काल्माँ ही १९९७ साली १२२ वर्षे १६४ दिवसांची होऊन वारली, ती आजवरची सीमा.

१२ मे २०१६ रोजी न्यूयॉर्क येथील सुझाना मशॅट जोन्स यांचे निधन झाले आणि एमाबाई जगातील सर्वांत वृद्ध व्यक्ती ठरल्या. त्याहीपेक्षा विलक्षण गोष्ट अशी, की ज्यांच्या जन्मसालाची सुरुवात अठराने होते अशी, वय सिद्ध झालेली, त्यांच्यावाचून दुसरी व्यक्ती त्या दिवसानंतर भूतलावर उरली नव्हती. हिशेबाला काटेकोर असलेले वाचक म्हणतील की १९०० हे सालही एकोणिसाव्या शतकातलेच. ते खरे आहे. पण माणसे शतक मोजतात ती आकडा बदलला की.

एखादी व्यक्ती ११७ वर्षांची आहे हे कुणी कशावरून ठरवायचे? हा प्रश्न आपल्या ख्रिस्तसभेच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून त्यासाठी थोडे थांबतो. गावोगावी शंभरी ओलांडलेले आजोबा असतात, त्यांच्या वयाविषयी नातवंडे अभिमानाने बोलतात, आणि चौकशी केली तर वय नव्वदीच्या आसपास निघते. लबाडी यात क्वचितच असते. ज्या काळात जन्मतारखेला कागदावर स्थान नव्हते, त्या काळात वय म्हणजे अंदाज. युरोपात हा अंदाज मोडून काढण्याचे काम प्रथम धर्मग्रामांच्या वह्यांनी केले. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ च्या बैठकीत विवाहाची नोंदवही ठेवण्याचे बंधन प्रत्येक धर्मगुरूवर घातले आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे वहीत लिहावीत असेही सांगितले. पुढे १६१४ साली पोप पाचवे पॉल यांनी रोमन विधिग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्यांबरोबर धर्मग्रामातील घराघरांतील माणसांची यादी ठेवणारी पाचवी वहीही सांगितली आहे. इटलीच्या नव्या राज्याने नगरपालिकांमार्फत जन्ममृत्यूची नोंद सुरू केली ती १८६६ पासून. म्हणजे एमाबाई जन्मल्या तेव्हा शासनाची वही तेहतीस वर्षांची होती आणि ख्रिस्तसभेची तीन शतकांची. आपल्याकडेही पासपोर्टसाठी वा पेन्शनसाठी म्हातारी माणसे स्नानसंस्काराचा दाखला मागायला येतात, तेव्हा वाळवीने कोपरे खाल्लेली ती जाड वही उघडताना ट्रेंटच्या त्या बिशपांची मला हटकून आठवण होते.

चिव्हियास्को हे एमाचे जन्मगाव. इटलीच्या वायव्येस, आल्प्सच्या पायथ्याशी, पिएमोंते प्रांतातील सेझिया नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे. जोव्हान्नी मोरानो आणि मातिल्दे ब्रेशानी या दांपत्याच्या आठ मुलांमध्ये ती थोरली. पाच बहिणी, तीन भाऊ. त्या काळच्या इटलीत सरासरी आयुर्मान पंचेचाळीस वर्षांच्याही आत होते. वर्षाच्या आत दगावणारी बाळे इतकी, की पाळणा हलला म्हणजे घर वाढलेच असे कुणी गृहीत धरत नसे. वडिलांच्या नोकरीपायी कुटुंब डोंगरातून ओस्सोला खोऱ्यातील व्हिल्लादोस्सोला या गावी आले. लोखंडाच्या कारखान्यांचे ते गाव. तेथली हवा एमाला मानवेना. सौम्य हवेच्या ठिकाणी राहा, असा सल्ला डॉक्टरांनी दिला आणि मोरानो कुटुंब माज्जोरे सरोवराच्या काठी पाल्लांझा या गावात आले. पुढील सारे आयुष्य एमाबाईंनी याच गावात काढले. १९३९ साली पाल्लांझा आणि शेजारचे इंत्रा ही दोन गावे जोडून व्हेर्बानिया हे शहर करण्यात आले, एवढाच काय तो पत्त्यातला बदल.

एमा २५ दिवसांची असताना, नाताळच्या आदल्या रात्री, १९०० च्या ज्युबिली वर्षासाठी पोप तेरावे लिओ यांनी रोममध्ये पवित्र द्वार उघडले होते. ते स्वतः १८१० साली जन्मलेले. पोपपदावर असताना ९३ वर्षांचे झालेले ते एकमेव पोप. वॉटर्लूच्या लढाईपूर्वी जन्मलेले ते वृद्ध पोप आणि मोबाइल फोनच्या काळात निवर्तलेले ते बालक, या दोन आयुष्यांची कडी जोडली तर दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास दोन माणसांत मावतो. एमा बरोबर आठ महिन्यांची झाली त्या दिवशी, २९ जुलै १९०० रोजी, मोन्झा येथे राजे पहिले उंबेर्तो यांचा खून झाला. त्यानंतर तिने आणखी दोन राजे पाहिले, एक हुकूमशहा पाहिला, आणि प्रजासत्ताक पाहिले.

तरुणपणी तिचा आवाज गोड होता आणि नृत्याची हौस मोठी होती. तिची एका तरुणावर प्रीती जडली होती. १९१५ च्या मे महिन्यात इटली महायुद्धात उतरली. तो रणांगणावर गेला आणि परतला नाही, असे त्या सांगत असत. आल्प्सच्या त्या बर्फाळ कड्यांवर आणि इझोंत्सो नदीच्या काठी इटलीचे सुमारे सहा लाख सैनिक मृत्युमुखी पडले. १ ऑगस्ट १९१७ रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी युद्धमान राष्ट्रांना पत्र पाठवून या संहाराला निरर्थक कत्तल म्हटले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या राज्यकर्त्यांना त्यांचा राग आला. गावागावांत लग्नाच्या वयाच्या मुली मागे राहिल्या. एमा त्यांपैकी एक.

१९२६ च्या ऑक्टोबरमध्ये तिचे लग्न झाले. ते कसे झाले हे त्यांनी शंभरी उलटल्यावर वार्ताहरांना सांगितले. तो मनुष्य तिच्या मागे लागला होता. माझ्याशी लग्न कर, नाहीतर जीव घेईन, अशी त्याची भाषा होती. एमा तेव्हा सव्वीस वर्षांची होती. लग्नानंतर मारहाण सुरू झाली. १९३७ मध्ये मुलगा झाला, आणि सहा महिन्यांचा होऊन गेला. ते त्यांचे एकुलते एक अपत्य. पुढच्या वर्षी, १९३८ साली, एमाबाईंनी नवऱ्याला घराबाहेर काढले.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. ते साल कोणते होते हे लक्षात घ्यायला हवे. मुसोलिनीच्या राजवटीला लोकसंख्या वाढवायची होती. अविवाहित पुरुषांवर १९२७ पासून कर बसवला होता. पुष्कळ मुलांच्या मातांचे सत्कार होत होते. बायको म्हणजे घर आणि पाळणा, हे सरकारचे अधिकृत मत होते. नवऱ्यावाचून राहणाऱ्या गिरणी कामगार बाईकडे शेजारपाजार कोणत्या नजरेने पाहत असेल, हे वेगळे सांगायला नको. घटस्फोट इटलीच्या कायद्यात नव्हताच. तो आला १ डिसेंबर १९७० च्या कायद्याने. मे १९७४ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी तो कायम ठेवला. कुटुंबातील पतीची कायदेशीर सत्ता संपुष्टात आली ती त्याहीनंतर, १९७५ साली. एमाबाईंनी घटस्फोट घेतला नाही, दुसरे लग्नही केले नाही. १९७८ साली तो मनुष्य वारला, तोवर कायद्याने आणि धर्माने ती दोघे पतिपत्नीच होती. मात्र चाळीस वर्षे एका छपराखाली नव्हती.

येथे कुणी विचारील, की मग धर्माने घातलेली गाठ तिने मोडली का? मोडली नाही. १९१७ साली जाहीर झालेल्या धर्मसंहितेच्या ११३१ व्या कलमात, जोडीदाराने सहजीवन धोक्याचे वा अतिशय कष्टाचे केले तर दुसऱ्याने वेगळे राहणे न्याय्य असल्याचे स्पष्ट म्हटले होते. १९८३ च्या संहितेतील ११५३ वे कलमही तेच सांगते; त्यात शरीराबरोबर मनाला पोचणाऱ्या इजेचाही उल्लेख आहे आणि मुलांचाही. विवाहाचे बंधन राहते, एकत्र राहण्याची सक्ती राहत नाही. १९ मार्च २०१६ ची तारीख असलेल्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात पोप फ्रान्सिस त्याहून पुढे गेले. छळ आणि हिंसा यांपासून दुर्बळ जोडीदाराला व लहान मुलांना वाचवायचे असेल तेव्हा वेगळे होणे हे कधीकधी नैतिक कर्तव्यच ठरते, असे त्यांनी लिहिले. ते पत्र निघाले तेव्हा एमाबाई हयात होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वी त्यांनी जे केले त्याला पोपमहोदयांच्या लेखणीतून असा दुजोरा मिळाला.

सेमिनरीत ही कलमे आम्ही पाठ केली होती. परीक्षेत त्यावर मला चांगले गुणही मिळाले होते. तरीही नव्याने धर्मगुरू झालो तेव्हा ओठ फुटलेली एक बहीण माझ्याकडे आली, आणि मी तिला जपमाळ हाती देऊन, सहन कर, प्रभूने क्रूस वाहिला, असे सांगून त्याच घरी परत पाठवले. तिच्या सासूला आणि सासऱ्यांना माझा सल्ला फार आवडला. ती बहीण पुन्हा कधी माझ्याकडे आली नाही. येण्यासारखे मी काही ठेवलेच नव्हते. एमाबाईंची कहाणी प्रथम वाचली तेव्हा अंड्यांची आणि वयाची नवलाई बाजूला राहिली आणि मला तिचा चेहरा आठवला. ११३१ वे कलम तेव्हाही होते, ११५३ वेही होते. मीच ते तिला सांगितले नव्हते.

एमाबाईंच्या हाती कलम नव्हते, पगार होता. इंत्रा आणि पाल्लांझा हा सारा पट्टा गिरण्यांचा. डोंगरातून सरोवरात उतरणाऱ्या ओढ्यांच्या पाण्यावर तेथे सूतगिरण्या उभ्या राहिल्या होत्या. तेथील तागाच्या कारखान्यात त्यांनी कोवळ्या वयापासून १९५४ पर्यंत काम केले. ताग ही वस्तू आल्प्सच्या पायथ्याशी कोठून आली? त्या काळी जगाचा जवळजवळ सगळा ताग बंगालच्या नद्यांच्या खोऱ्यात पिकत असे. गुडघाभर पाण्यात उभे राहून तेथील शेतकरी कुजवलेल्या ताटांचा धागा सोलत. त्याचे गठ्ठे कलकत्त्याला जात आणि सुएझ कालव्यातून युरोपला पोचत. एमाबाईंनी हिंदुस्थान कधी पाहिला नाही. तरी आपल्या देशाच्या मातीतला धागा अनेक वर्षे त्यांच्या बोटांतून गेला. तागाच्या गिरणीत धुळीचे लोट असतात, तेलाचा उग्र वास असतो, यंत्रांचा कानठळ्या बसवणारा आवाज असतो. १९०२ च्या कायद्याने इटलीत कामाचे किमान वय १२ वर्षे केले होते आणि बायकांच्या कामाचा दिवस जास्तीत जास्त १२ तासांचा; ही त्या वेळी सुधारणा समजली गेली. तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात १८९१ सालीच मजुरांच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न मांडला होता. एमाबाईंना गिरणीत किती वेतन मिळत होते हे मला ठाऊक नाही, पण १९३८ साली दार लावून घेण्याइतके ते पुरले.

दुसऱ्या महायुद्धाने सरोवराचा शांत काठही सोडला नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैनिकांनी काठावरच्या मेइना आणि इतर गावांत आश्रयाला आलेल्या पन्नासहून अधिक ज्यू लोकांना ठार मारले. काहींची प्रेते सरोवरात बुडवली. २० जून १९४४ रोजी ४३ बंदिवानांना इंत्रापासून काठाच्या रस्त्याने, पाल्लांझातून, सुनातून चालवत फोंदोतोचे येथे नेण्यात आले. इटलीचे मुक्तिदाते म्हणायचे ते हेच का, की हे दरोडेखोर, अशा अर्थाची पाटी त्यांच्यापुढे धरायला लावली होती. त्यांच्यात एक स्त्रीही होती. तिघातिघांना पुढे काढून गोळ्या घालण्यात आल्या. प्रेतांच्या ढिगाखालून एकच तरुण जिवंत निघाला. पुढे त्याने ‘त्रेचाळीस’ हेच टोपणनाव घेतले. एमाबाई त्या वेळी ४४ वर्षांच्या होत्या आणि त्याच गावात राहत होत्या. त्या सप्टेंबरात ओस्सोला खोऱ्यातील प्रतिकारकांनी जर्मनांना हुसकून जेमतेम चाळीस दिवसांचे एक स्वतंत्र प्रजासत्ताकही उभारले होते. हिवाळ्याच्या तोंडावर ते चिरडले गेले.

२ जून १९४६ रोजी राजा हवा की प्रजासत्ताक, यावर इटलीत मतदान झाले. इटलीतील स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तो त्याच वर्षीच्या निवडणुकांत, प्रथमच. एमाबाईंचे वय त्या वेळी ४६ होते. आयुष्याचा दोनपंचमांशही भाग सरला नव्हता. ते अर्थात कुणालाच ठाऊक नव्हते.

गिरणी सुटल्यावर त्या पाल्लांझा येथील मारियानिस्ट संघाच्या सांता मारिया वसतिगृह शाळेत स्वयंपाकघरात कामाला लागल्या. वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत त्यांनी तेथे काम केले. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायकांविषयी संस्थांच्या इतिहासात सहसा एक ओळही नसते. रेक्टरांची छायाचित्रे भिंतीवर असतात. पंचाहत्तरीनंतर निवृत्त होऊन त्यांनी पुढे बेचाळीस वर्षे निवृत्तिवेतन घेतले. माझ्या हिशेबाने जगातील फारच थोड्या पेन्शनधारकांनी सरकारला एवढे वाट पाहायला लावले असेल.

आता अंड्यांविषयी, कारण वाचक त्याची वाट पाहत असतील. महायुद्धानंतर, विशीच्या सुमारास, एमाला रक्तक्षयाचा त्रास होऊ लागला तेव्हा डॉक्टरांनी तिला रोज तीन अंडी खायला सांगितली. दोन कच्ची आणि एक शिजवलेले. डॉक्टरांची आज्ञा तिने नव्वदहून अधिक वर्षे मोडली नाही. औषध किती दिवस घ्यायचे ते त्या डॉक्टरांनी बहुधा सांगितले नसावे. भाजी आणि फळे त्या अगदीच कमी खात. घरी केलेली, वनस्पती घालून मुरवलेली थोडी ग्राप्पा नावाची दारूही त्यांना प्रिय होती. शेवटी शेवटी अंडी दोनावर आली आणि त्यांच्या जोडीला बिस्किटे. या आहाराचे अनुकरण करण्याचा मोह कुणाला झाला तर त्याने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, एवढे मी धर्मगुरू या नात्याने नव्हे तर मधुमेही या नात्याने सांगतो. एमाबाईंची आई आणि काही भावंडे नव्वदीपार गेली; एक बहीण १०२ वर्षे जगली. रक्तातच काही होते असे म्हणायला जागा आहे. फ्रान्समधील सिस्टर आन्द्रे ही धर्मभगिनी २०२३ साली ११८ वर्षांची होऊन प्रभूघरी गेली. तिला वाइनचा प्याला आणि चॉकलेट आवडत असे. ब्राझीलच्या सिस्टर इना ११६ वर्षांच्या होऊन ३० एप्रिल २०२५ रोजी निवर्तल्या. त्यांच्या ताटात आणखी काही वेगळे असेल. एमाबाईंना मात्र विचारले की त्या अंड्यांबरोबर दुसरेही कारण सांगत : नवऱ्याला काढले आणि पुन्हा कुणाला येऊ दिले नाही. कुणी आपल्यावर हुकूम चालवावा हे त्यांना नको होते. वार्ताहर हे विनोद म्हणून छापत. मला तो विनोद वाटत नाही.

त्यांच्या आयुष्यात अकरा पोप झाले. तेरावे लिओ, दहावे पायस, पंधरावे बेनेडिक्ट, अकरावे आणि बारावे पायस, तेविसावे जॉन, सहावे पॉल, तेहतीसच दिवसांचे पहिले जॉन पॉल, दुसरे जॉन पॉल, सोळावे बेनेडिक्ट आणि फ्रान्सिस. मे २०२५ मध्ये नव्या पोपनी पुन्हा लिओ हेच नाव घेतले तेव्हा मला उगीचच वाटले की एमाबाई असत्या तर त्यांना ते नाव ओळखीचे वाटले असते. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे आणि लहान मुलांना ख्रिस्तप्रसाद मिळत नसे. सातव्या वर्षाच्या सुमारास मुलांना तो द्यावा, हा दहाव्या पायस यांचा आदेश १९१० चा, आणि तेव्हा ती दहा वर्षांची होती. दुसरी व्हॅटिकन परिषद ऑक्टोबर १९६२ मध्ये सुरू झाली त्या वेळी त्या बासष्टीच्या. आपल्या घरांतील पुष्कळ आज्यांना त्या वयात नव्या प्रार्थना पाठ करणे जड गेले होते.

डिसेंबर २०११ मध्ये इटलीचे राष्ट्राध्यक्ष जॉर्जो नापोलितानो यांनी त्यांना प्रजासत्ताकाचा नाइट हा किताब दिला. दोन खोल्यांच्या घरातून त्या वीस वर्षांत बाहेर पडल्या नव्हत्या. वयाच्या ११५ व्या वर्षापर्यंत त्या एकट्या राहत होत्या. पूर्ण वेळ सोबत करणारी बाई ठेवली ती शेवटच्या दोनेक वर्षांत. कानांनी ऐकू येईनासे झाले होते, दूरचित्रवाणी पाहण्याइतकी दृष्टी राहिली नव्हती, बोलणेही कष्टाचे झाले होते. दिवस झोपेत जात असे, मध्येच काहीतरी तोंडात टाकायचे. दीर्घायुष्य लाभो, असा आशीर्वाद आपण लग्नात आणि वाढदिवसाला किती सहज देतो. आपल्या धर्मग्रामात आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेताना असे पलंग मी पाहतो. मुले परदेशी असतात, भिंतीवर नातवंडांची छायाचित्रे असतात, पगारी बाई चहा देते, आणि म्हातारी माझा हात सोडत नाही. विचारते, प्रभू मला विसरला की काय? त्या प्रश्नाला मी आजवर जी उत्तरे दिली ती सगळी मला अपुरी वाटली आहेत. पण एक फरक पडला आहे. मी आता घाईने उठत नाही.

२०१७ साली पुनरुत्थानाचा रविवार १६ एप्रिलला होता. एमाबाई १५ तारखेला, पवित्र शनिवारी, आपल्या घरी शांतपणे गेल्या. त्या दिवशी दिवसा कोठेही मिस्सा होत नाही. वेदी उघडी असते, ख्रिस्तप्रसादाची मंजूषा रिकामी असते, घंटा मुक्या असतात. त्यांच्या लहानपणी हे असे नव्हते. त्या काळी पास्काचा विधी शनिवारी सकाळीच उरकत आणि दुपारपर्यंत घंटा वाजू लागत. अंधारातल्या जागरणाचा प्राचीन विधी बाराव्या पायस यांनी १९५१ साली पुन्हा रात्री आणला. जगातील ज्येष्ठत्वाचा मान आता जमैकातील व्हायोलेट ब्राउन यांच्याकडे गेला. त्या १० मार्च १९०० रोजी जन्मलेल्या. त्याही पाच महिन्यांतच गेल्या.

एमाबाईंच्या मृत्यूची वार्ता शनिवारी दुपारनंतर जगभर पसरली. त्याच रात्री ठिकठिकाणच्या चर्चमध्ये दिवे मालवले गेले, दारासमोर नवा अग्नी पेटवला गेला आणि धर्मगुरूंनी पास्कामेणबत्तीवर क्रूस कोरून त्याच्या चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे कोरले : २, ०, १, ७.